रील चार हजारचं, पण चार हजारांचं नाही

मागच्या दिवाळीनंतर मी पहिलं स्पिनिंग रील घेतलं, म्हणजे मासेमारीच्या काठीला लावायचं, गळाची दोरी (लाइन) गुंडाळायचं यंत्र. त्याआधीची माझी मासेमारी म्हणजे येवल्याकडे मामांच्या गावची, पालखेडच्या कालव्याला आवर्तन सुटलं की बांबूची काठी, तीन वाव नायलॉनचा तंगूस, एक गळ, कणकेचा गोळा आणि बुचाच्या जागी थर्माकोलचा तुकडा. त्यात रील वगैरे भानगडच नव्हती, थर्माकोल बुडालं की काठी उचलायची, मासा मागच्या गवतात जाऊन पडायचा. आता मी नाशकात अंबडला एका कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे, तिथल्या एका दोस्ताने जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर हलक्या लाइनची मासेमारी दाखवली, दोन-तीन ग्रॅमचं चिमुकलं लूअर (माशाला फसवायचं खोटं आमिष), केसासारखी लाइन, आणि अर्ध्या किलोची चिलापी (तिलापिया मासा) रॉड पार कमान करून टाकते. बघितलं आणि डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

हलकी लाइन कशाला, तर दोन कारणं. हिवाळ्यात दारणा धरणाचं पाणी निवळतं तेव्हा चिलापीला जाड तंगूस लांबूनच दिसतो, ती जवळ येऊन वळून जाते. आणि दुसरं म्हणजे तीन ग्रॅमच्या लूअरमध्ये जाड लाइन ओढत न्यायची ताकदच नसते, ते फेकलं की पायापाशी पडतं. म्हणून चार-सहा पौंडी लाइन, म्हणजे तेवढ्या पौंडांचा ताण सोसणारी. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. यापुढे मी अक्कल लावली. लाइन बारीक तर रील पण बारीक पाहिजे ना, सुई लहान तर दोरा लहान, म्हणून ५०० नंबरचं रील घेतलं, रॉडसकट सेट अकराशेला. हातात घेतलं तर खेळण्यातलं वाटावं इतकं गोंडस. बायको म्हणाली किल्लीला लावायचं का हे.

पहिला प्रयोग दिंडोरीच्या बाजूला, मित्राच्या द्राक्षबागेतल्या शेततळ्यावर. त्यांनी पाण्यासाठी केलेलं तळं, तळाला ५०० मायक्रॉनचा कागद, आणि त्यात हौस म्हणून सोडलेली चिलापी आणि थोडे रोहू. मित्राचे वडील, अण्णा, आधीच सांगून मोकळे झाले की मासे हवे तेवढे धरा पण कागदाला गळ लागला तर तुमची धडगत नाही. त्यामुळे मी पकडीने गळाची आडवी नांगी दाबून टाकली होती आणि लूअर काठापाशी येण्याआधीच उचलत होतो. (हे पुढे कायमचंच ठेवलं, मासा सोडायला पण सोपं जातं.)

पहिला कास्ट मारला. लूअर गेलं बघा दहा-बारा पावलं. आणि लाइन? लाइन गेलीच नाही, ती रॉडच्या टोकापासून हातापर्यंत बॉलपेनच्या स्प्रिंगसारखी वळवळत लोंबत होती. ओढून धरली की सरळ, सोडली की परत स्प्रिंग. तिसऱ्या-चौथ्या कास्टला त्यातल्याच सैल वेटोळ्यांचा असा गुंता झाला की मी बांधावर बसून नखाने सोडवतोय आणि अण्णा शेजारी उभे. पाचेक मिनिटं त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या वेळात काठीने दोन निघाले असते." खरं होतं. त्या दिवशी एकूण मासे शून्य आणि चार पौंडी लाइन अंदाजे वीस मीटर कापून खिशात.

आधी वाटलं लाइन भंगार. दुसरी लावली, तेच. मग दोस्त म्हणाला कास्टनंतर बेल (रीलवरची तारेची कडी) हँडल फिरवून बंद करतोस ना, हाताने पाड, हँडलने पाडली की सैल वेटोळं स्पूलवर, म्हणजे लाइन गुंडाळतात त्या रिळावर, बसतं आणि पुढच्या कास्टला बाकीच्यांना घेऊन बाहेर येतं. ते केलं, गुंते निम्म्यावर आले पण स्प्रिंग काही जाईना.

उत्तर मिळालं संक्रांतीला, आणि मासेमारीचा ज्यांना गंधही नाही अशा माणसाकडून. येवल्याची संक्रांत म्हणजे तीन दिवस, भोगी, संक्रांत आणि कर, सगळं गाव पतंग उडवायला गच्चीवर. तिथे मांजाच्या फिरकीला फिरकी म्हणत नाहीत, आसारी म्हणतात, लाकडी, दोन्ही हातांत धरून फिरवायची. मी मामांना माझं ५०० दाखवायला नेलं होतं. मामांनी ते दोन बोटांत धरलं, उलटं-सुलटं केलं आणि म्हणाले, "अरे भाच्या, ही तर खडूवर गुंडाळलेली दोरी झाली. बारक्या आसारीवर दोरा ठेवला की त्याला वळ बसतो, मोठ्या आसारीवरचा दोरा सुटताना गपगुमान सुटतो."

डोक्यात दिवा पेटला. नायलॉनची लाइन ज्या गोलाईवर महिनाभर बसते ती गोलाई ती लक्षात ठेवते, आणि लहान स्पूल म्हणजे घट्ट गोलाई. सोमवारी कंपनीत जाऊन व्हर्नियर लावला. स्पूलचं तोंड ३५ मिलिमीटर. म्हणजे एक वेढा जेमतेम अकरा सेंटीमीटरचा. शंभर मीटर लाइनला नऊशेच्या वर वेढे, सगळे घट्ट, आणि ती सगळी वेटोळी रॉडच्या रिंगांना घासत बाहेर पडणार, मग तीन ग्रॅमचं बिचारं लूअर जाणार कुठे.

इथे शहाण्या माणसाने मधलं काहीतरी घेतलं असतं. मी थेट ४००० नंबरचं उचललं. सेकंडहँड मिळत होतं, अठराशेला, आणि मामांचं वाक्य डोक्यात, मोठी आसारी मोठी आसारी. पार्सल आलं तेव्हा मी कामावर, खोक्यावर ठळक अक्षरांत ४०००. संध्याकाळी घरी गेलो तर वातावरण तापलेलं. "चार हजारांचं भिंगरं?" मी म्हटलं अगं तो नंबर आहे, किंमत नाही, तर म्हणे चपलेचा नंबर चार असतो, चार हजार कुठला नंबर आला. खरं सांगायचं तर या प्रश्नाला माझ्याकडेही तेव्हा उत्तर नव्हतं. पुढे बरेच दिवस त्याच प्रश्नावर गेले.

४००० चं स्पूल भरलं ५१ मिलिमीटर, वेढा सोळा सेंटीमीटरचा. स्प्रिंग खरोखर कमी झाली, मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण बाकी सगळं बिघडलं. एक तर माझा रॉड सहा फुटी अल्ट्रालाइट, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९८ ग्रॅम, आणि त्याला लोंबणारं हे रील २९० ग्रॅम. तासाभरात मनगट बोलायला लागलं. दुसरं, अल्ट्रालाइट रॉडची पहिली रिंग लहान असते, आणि मोठ्या स्पूलवरून सुटणारी लाइन मोठी वेटोळी काढत येते, ती त्या लहान रिंगवर फट् फट् आपटतात, कास्ट मारताना आवाज येतो अक्षरशः. म्हणजे लहान स्पूलवर लाइन रिंगांना घासत होती आणि मोठ्यावर पहिल्याच रिंगशी गर्दी करत होती. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो होतो तेव्हा दुपारनंतर जो वारा सुटला त्यात तर ती वेटोळी आडवीच उडत होती.

आणि तिसरा त्रास मला कुणीच सांगितला नव्हता. स्पूल खोल. त्यात सहा पौंडी शंभर मीटर लाइन म्हणजे विहिरीच्या तळाला पाणी. स्पूल जवळजवळ कडेपर्यंत भरलेला नसला की लाइन त्या कडेवरून चढून बाहेर पडते आणि अंतर मार खातं, तर खाली जाड तंगुसाचा भराव घालून वर लाइन गुंडाळायची. घातला भराव, तर बारीक लाइन एकदा त्या भरावात रुतून बसली आणि एकदा सैल होऊन स्पूलच्या मागे उतरून थेट दांड्याला गुंडाळली गेली. दगडावर बसून रील खोललं, स्पूल काढला, दांड्यावरचं ग्रीस लागलेली लाइन ब्लेडने कापली. तेव्हा पटलं की हे रील वाईट नाही, ते दुसऱ्या कामाचं आहे.

मग दोस्त म्हणाला नायलॉनच सोड, ब्रेड वापर. मी घरी म्हटलं ब्रेड मागवलाय, आई म्हणाली पाव कशाला ऑनलाइन मागवायचा. ब्रेड म्हणजे विणलेली लाइन, पीई म्हणतात, त्याचे नंबर वेगळे, पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिलिमीटर, पीई ०.६ म्हणजे ०.१२८ च्या आसपास. एवढी बारीक असून ताकद भरपूर, आणि मुख्य म्हणजे तिला वळ बसत नाही. पार्सल नेमकं जानेवारीअखेर आलं आणि मी गॅलरीत बसून स्पूलवर चढवतोय तर समोरच्या काकू कठड्यावरून, "का हो, नायलॉन मांजा ना तो? बंदी आहे माहितीये ना?" त्यांचं चुकलं नाही, २०१७ पासून हरित लवादाची देशभर बंदी आहे आणि आपल्या नाशकात दर संक्रांतीला कुणाचा तरी गळा कापल्याची बातमी असते. त्यांना रील दाखवलं, लूअर दाखवलं, तरी पूर्ण विश्वास बसला नाही. तेव्हापासून कापलेला प्रत्येक तुकडा मी खिशात घालून घरी आणतो, पक्ष्याच्या पायात गुंतायला मासेमारीची लाइन आणि मांजा सारखेच.

आता तुम्ही म्हणाल ब्रेडला वळ बसत नाही तर मग ते ५०० च बरं की. मला पण तेच वाटलं, केवढा आनंद, पैसे वसूल. लावून बघितलं, अंतर झकास वाढलं. आणि तिथेच त्या रीलचा खरा दोष कळला, ड्रॅगचा, म्हणजे मासा ओढायला लागला की लाइन बेताने सुटू देणाऱ्या ब्रेकचा.

हे जरा नीट सांगतो कारण रील घेताना मी याकडे बघितलंच नव्हतं, मी बघत होतो खोक्यावर लिहिलेला मॅक्स ड्रॅग किती किलो. हलक्या लाइनला त्या आकड्याचा काडीचा उपयोग नाही. सहा पौंडी लाइन म्हणजे २.७ किलोला तुटणार, ड्रॅग ठेवायचा तिच्या पाव ताकदीच्या आसपास, म्हणजे सातशे ग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे. आठ किलोचा ड्रॅग घेऊन मी काय करू? प्रश्न हा आहे की त्या सातशे ग्रॅमला ड्रॅग सुटायला लागतो कसा.

तर मी कांदे घेतले. काट्यावर मोजून सातशे ग्रॅम, कापडी पिशवीत, पिशवी लाइनला बांधली आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून रॉड कठड्याला टेकवून पिशवी बाहेर लोंबत सोडली. रॉडला बाक आला पाहिजे, कारण लाइन रिंगांतून वळून येते तेव्हा घर्षण वाढतं आणि माशाला तेच लागतं, नुसती रीलपासून सरळ ओढून बघण्यात अर्थ नाही. मग ड्रॅगची चकती एकेक टिचकी सैल करत गेलो. ५०० वर, एक टिचकी, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी, पिशवी हलेना. चौथ्या टिचकीला ड्रॅग एकदम सुटला आणि कांदे धप्पकन खालच्या मजल्याच्या खिडकीसमोर, तिथे परत अडकला, परत सुटला. म्हणजे चिकटून बसायचं आणि मग झटका द्यायचा. नायलॉन ताणतं, तो झटका थोडाफार पोटात घेतं. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही, झटका सरळ गाठीवर नाहीतर माशाच्या ओठावर. शेततळ्यात दोन चिलाप्या ऐन काठाशी सुटल्या होत्या त्या का सुटल्या ते मला गॅलरीत उभं राहून कळलं. ४००० वर केलं तर ते बरं निघालं, पण सातशे ग्रॅमला त्याची चकती इतकी सैल ठेवावी लागत होती की एका टिचकीत खूप फरक पडायचा, हातात येत नव्हतं ते.

(खालच्या वहिनींनी कांदे का लोंबतायत हे विचारलं. मी म्हटलं टेस्टिंग चालू आहे. अंबडला कामाला आहे म्हटल्यावर लोक टेस्टिंग या शब्दावर समाधान मानतात.)

मग बसलो नंबरांचा अभ्यास करायला, आणि इथे बायकोच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. हा नंबर कशाचंच माप नाही. मिलिमीटर नाही, ग्रॅम नाही, मीटर नाही, नुसती चढती ओळख आहे, आणि ती सुद्धा कंपनीगणिक वेगळी. शिमानोच्या आकड्याआधी सी असेल, म्हणजे सी२०००, तर तो स्पूल २००० चा पण अंग १००० चं. सी३००० म्हणजे अंग २५०० चं. दाइवाने एलटी मालिका आणली तेव्हा आकडेच सरकवले, त्यांचं जुनं २५०० हे एलटी २५०० पेक्षा अंगाने दांडगं. स्वस्तातल्या ब्रँडांचं तर विचारूच नका, एकाचं २००० दुसऱ्याच्या ३००० एवढं. क्वालिटीतल्या माणसाला हे बघून भोवळ यायची, आमच्याकडे असं ड्रॉइंग आलं तर परत पाठवतात. म्हणून मी नंबर सोडले आणि तीनच गोष्टी बघायला लागलो, वजन किती, स्पूलचं तोंड किती मिलिमीटर, आणि स्पूलच्या कडेवर लाइन किती मीटर मावते म्हणून लिहिलंय. तिथे पीई ०.६-१५० असं काही दिसलं की समजायचं स्पूल उथळ आहे, बारीक लाइनसाठीच आहे, दीडशे मीटर ब्रेडने तो भरतो आणि भरावाची कटकट संपते. शिमानोत नंबरामागे एस असतो तो यासाठीच. एचजी असेल तर गिअर जोरात, हँडलच्या एका फेऱ्यात लाइन जास्त येणार. मी ते टाळलं, कारण छोटा स्पिनर (फिरत्या पात्याचं लूअर) हळू ओढायचा असतो आणि मी मुळात उतावळा माणूस, एका फेऱ्याला ६५-७० सेंटीमीटर येतेय तेच माझ्या हाताला वेसण.

२००० का २५०० यावर आठवडा घातला. मला विचाराल तर ज्याच्याकडे एकच रॉड आहे, साडेसहा फुटांचा वगैरे, आणि त्यावरच चिलापी पण रोहू पण करायचंय त्याने उथळ स्पूलचं २५०० घ्यावं, नायलॉन वापरणाऱ्यानेही तेच घ्यावं, मोठ्या तोंडाचा फायदा आहे. माझा रॉड सहा फुटी, लूअर दोन ते पाच ग्रॅम, लाइन ब्रेड, मग २००० पुरे. घेतलं. तोंड ४३ मिलिमीटर, वजन दोनशेच्या थोडं आत. रॉडला लावून रॉडच्या मुठीच्या पुढे बोटावर तोललं तर रॉड आडवा राहिला, टोक खाली गेलं नाही की मागे झुकला नाही. पीई ०.६ चढवली, कडेपासून दीडएक मिलिमीटर मोकळं ठेवून, काठोकाठ भरली की ती आपोआप उसळते. पुढे लूअरच्या आधी हातभर सहा पौंडी फ्लोरोकार्बन लाइनचा तुकडा, त्याला लीडर म्हणतात, डबल युनी गाठीने जोडलेला. आणि कांदे. परत गॅलरी, परत पिशवी, टिचकी, टिचकी, आणि पिशवी सावकाश, लिफ्टसारखी, टर्रर्र करत उतरत गेली. बायको चहा घेऊन उभी होती, ती पण म्हणाली, "हं, हे बरंय."

फेब्रुवारीच्या एका रविवारी दारणेवर गेलो. जाल तिथे आधी चौकशी करा, धरणा-तलावांचा मासेमारीचा ठेका बहुतेक मच्छिमार सोसायट्यांकडे असतो, विचारलं तर एकटा हौशी माणूस बघून सहसा कोणी नाही म्हणत नाही, न विचारता उतरलात तर बोलणी खाल आणि बरोबर खाल. सकाळी थंडी चांगली होती, बोटं आखडलेली, काठाला पाणवेलींचा पट्टा आणि पलीकडे मोकळं पाणी. तीन ग्रॅमचा जिग (जड डोक्याचं लूअर) पंचवीस-तीस पावलं गेला, आवाज न करता. मी नुसता कास्टच मारत बसलो थोडा वेळ, मजा म्हणून.

साडेआठच्या सुमारास पहिली लागली. टक् टक् आणि मग रॉड वाकला, ड्रॅग बोलला, बारीक टर्रर्र, झटका नाही. अर्ध्या किलोच्या आतबाहेरची चिलापी, दोनदा पाणवेलीकडे पळाली, दोन्ही वेळा मी स्पूलवर बोट टेकवून हलकेच अडवली. मागे येणारी लाइन एकसारखी बसत होती. दुपारपर्यंत पाच झाल्या, तीन सोडल्या, दोन घरी आणल्या.

त्यानंतर जे लागलं ते चिलापी नव्हतं. पाणवेलीच्या कडेलाच जिग पडला आणि पाणी फुटल्यासारखा आवाज झाला, मरळ, काळसर पाठ स्पष्ट दिसली. ती मोकळ्या पाण्यात आलीच नाही, सरळ वेलीच्या खाली घुसली. ड्रॅग आपलं काम करत होता, पण सातशे ग्रॅमने तिला काय होतंय. बोट दाबलं तसा लीडर गाठीच्या वर तुटला. खाली बसलो पाच मिनिटं. शेजारी गळ टाकून बसलेले एक काका म्हणाले, "भो, तिला दोरखंड लागतो."

तेव्हापासून ५०० चं रील पुतण्याला दिलंय, तो शेततळ्यावर फ्लोट लावून बसतो, अण्णा त्याच्यावर लक्ष ठेवतात. ४००० मात्र विकलं नाही. मरळीला पीई ३ लाइन, बेडूक लूअर आणि सात फुटी दणकट रॉड लागतो, त्या रॉडला ४००० अगदी शोभेल. रॉड बघून ठेवलाय, घरी अजून सांगितलेलं नाही, कारण त्याची किंमत खरोखरच चार हजार आहे.